गाडीचं पुस्तक मोठ्यानं वाचताना

१४ फेब्रुवारी

गाडी आली. सध्या नको, घरात आजारपण आहे, असं शोरूमला कळवून ठेवलं होतं. पण बुकिंग यांच्या नावावर. रद्द करायचं तर सांगायला हेच हवेत, आणि हे तोंड उघडायला तयार नाहीत. शेवटी शोरूमचा माणूस ती गोळपला घेऊन आला, आमच्या खळ्यात उभी केली आणि किल्ल्या नि एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात देऊन गेला. जाण्याआधी त्यानं कसली कसली बटणं दाखवली. मला एकही आठवत नाही.

केवढं ते धूड. पुढे घरची माणसं बसतील अशी बंद केबिन, मागे आंब्याच्या पेट्यांसाठी उघडा हौदा. खळ्यातलं तुळशीवृंदावन तिच्यापुढे खेळण्यासारखं दिसायला लागलं.

जानेवारीत यांना पक्षाघाताचा झटका आला. त्याच्या आधी यांनी ही बुक केली होती. यंदा आंबा दलालाकडे पाठवायचा नाही, आपला आपण गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन द्यायचा, असा बेत होता. गुडघा कुरकुरतो म्हणून क्लच नसलेली घेतली. आता गुडघ्याचं राहू दे, उजवा हातच मांडीवर पडून असतो. गाडी आली तेव्हा पडवीत बसून होते. उठले नाहीत.

शौनकचा बंगळूरहून फोन आला. म्हणाला, आई, बाग यंदा कराराने देऊन टाक, गाडीला मी गिऱ्हाईक बघतो. मला पटलं. तोवर ताडपत्री घालून ठेवीन.

१७ फेब्रुवारी

वैष्णवी आली होती. यांना बोलायचे व्यायाम शिकवते ती मुलगी. हसतमुख आहे, पण हे तिच्याकडेही भिंतीकडे बघावं तसं बघतात. जीभ जड झाली आहे, शब्द एकमेकांवर पडतात, एवढंच. डोकं लख्ख आहे. पण इस्पितळातून आल्यावर कोल्हापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन यांनी हौसेनं घेतला आणि पलीकडच्यानं विचारलं, कोण बोलतंय, भरदुपारी घेऊन बसलात काय. यांनी फोन ठेवला. त्या दिवसापासून मानेनंच हो आणि नाही. बहिणीचा आंजर्ल्याहून फोन येतो, तोही घेत नाहीत. ज्या माणसाला गप्प बसवायला मी आयुष्य घालवलं, तो असा बसलाय. घर खायला उठतं.

वैष्णवी म्हणाली, रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायचं, आणि वाचलेलं काकूंना आपल्या शब्दांत सांगायचं. मी वर्तमानपत्र दिलं. यांनी घडी घालून बाजूला ठेवलं. पोथी दिली, ती डोक्याला लावून परत केली. मग तिनं विचारलं, काका, तुम्हाला काय आवडेल. यांनी डाव्या हाताची काठी उचलून खळ्याकडे दाखवली.

गाडीचं पुस्तक. इंग्रजीतलं. वैष्णवी म्हणाली, चालेल की, जीभ हलली म्हणजे झालं.

१९ फेब्रुवारी

मला वाटलं इंजिनापासून सुरू करतील. पहिल्यापासून यंत्राची आवड. पण अनुक्रमणिका चाळून चाळून सुरुवात केली कुठून, तर सीटपासून. सगळा वेळ तेच. मग मला काठीनं गाडीकडे चल अशी खूण. ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला एक दांडा आहे, तो वर वर ओढत राहिलं की सीट उंच होते. स्टिअरिंगही खाली-वर, पुढे-मागे होतं. मला बसवून हे करून दाखवायला लावलं. मला पहिल्यांदा बॉनेटच्या पुढचं जग दिसलं.

मी म्हटलं, छान आहे, पण मला काय करायचंय. लायसन्स आहे माझ्याकडे, शौनक शिकत होता तेव्हा त्याच्यासोबत मीही क्लास लावला होता. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

२६ फेब्रुवारी

कराराने बाग घेणारा येऊन कलमं बघून गेला. मोहर विरळ आहे म्हणाला, महिन्याभरानं बघू. आणि इकडे वर कातळसड्यावरच्या लवकरच्या कलमांवर फळ तयार व्हायला आलंय. महिपत म्हणाला, वयनी, आंबा थांबायचा नाय. महिपत आमच्या बागेत किती वर्षं आहे ते त्यालाही सांगता येणार नाही. भाड्याचा टेंपो शोधला, सगळे या दिवसांत गुंतलेले.

मग ताडपत्री काढली. फक्त गिऱ्हाईक मिळेपर्यंत.

१ मार्च

गल्लीतून मागे घेताना डावं चाक गडग्याला घासलं. जांभा दगड रचून केलेलं ते कुंपण, त्याला काय होतंय, चाकाला ओरखडा आला. मी रडकुंडीला आले आणि यांच्यावर ओरडले की तुम्हाला कुणी सांगितली होती ही ब्याद आणायला. हे आत गेले. जेवताना दोघंही गप्प. त्यांचं गप्प राहणं आणि माझं गप्प राहणं यांत फरक आहे, तो आज मला कळला आणि वाईट वाटलं.

संध्याकाळी बंद दाराआडून वाचायचा आवाज येत होता. एकच पान पुन्हा पुन्हा.

२ मार्च

आरशाच्या बटणाची एक गंमत आहे. ते डावीकडे वळवून ठेवायचं. मग मागचा गिअर टाकला की डाव्या बाजूचा आरसा आपला आपण खाली झुकतो आणि मागचं चाक नि त्याच्या शेजारचं गटार, गडगा, सगळं दिसतं. पुढे गेलं की पुन्हा वर. शोरूमच्या माणसानं हे सांगितलं नव्हतं. त्याला माहीत नसणार.

यांनी हे सांगायला बराच वेळ घेतला. "आरसा" हा शब्द नीट येईना. "आसा, आसा" होत होतं. मी दोनदा काय म्हणून विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

गडग्याच्या कडेनं मागे गेले. घासली नाही.

९ मार्च

पहिल्या पेट्या भरल्या. हौद्याचा मागचा फाळका मी आणि महिपत दोघं धरून उतरवत होतो, बोटं चेमटतील म्हणून. हे काठी टेकत आले आणि म्हणाले, सोडा. सोडल्यावर फाळका धाडकन न आपटता सावकाश खाली आला, म्हातारा माणूस खुर्चीत बसतो तसा. महिपतनं तो पुन्हा लावला आणि पुन्हा सोडून बघितला. मग मी सोडून बघितला. काम राहिलं बाजूला.

पण खरी गोष्ट पुढेच. सड्यावरून घराकडे उतरणारी आमची घाटी कसली उभी आहे. चढताना गाडी गेली. ब्रेकवरचा पाय काढला तरी क्षणभर मागे सरकत नाही, हे यांनी आधीच वाचून सांगितलं होतं. उतरताना मात्र हौद्यात भार आणि समोर नुसतं आकाश. मी म्हटलं, महिपत, पेट्या डोक्यावरून उतरव, मी चालत येते.

हे शेजारी बसले होते. यांनी डाव्या हातानं उताराचं चित्र असलेलं बटण दाबलं. म्हणाले, "पाय काढ."

मी म्हटलं, कुठले पाय.

"ब्रेकवरचा पाय काढ. गाडी आपली उतरते. मी वाचलंय."

झटका आल्यापासून एवढं सलग वाक्य ऐकलं नव्हतं. त्या भरातच पाय निघाला असावा. गाडी गुरगुरत, कुरकुरत, मुंगीच्या पावलानं आपली आपण उतरली. मी फक्त स्टिअरिंग धरून. खाली आल्यावर मी गाडी बंद केली. मग यांनी विचारलं, भीती वाटली का. मी नाही म्हटलं. खोटं बोलले, ते त्यांना कळलं.

१५ मार्च

उन्हात उभी करून आलं की आत भट्टी होते. किल्लीचं उघडायचं बटण दाबून धरलं तर लांबूनच चारही काचा खाली होतात. बँकेसमोर मी हे केलं तेव्हा दोन माणसं थबकून बघत होती. मी मुद्दाम बघितलं नाही.

समोरच्या कप्प्यात एक झडप आहे, ती फिरवली की एसीचा गार वारा कप्प्यात जातो. यांच्या गोळ्या ठेवायला सोय झाली असं मी म्हटलं. हे म्हणाले, गोळ्यांना नको. दुसऱ्या दिवशी बघते तर आत कोकम सरबताची बाटली. यांना कोकम आवडत नाही, पित्त होतं म्हणतात. मग कुणासाठी भरायला लावली कोण जाणे. मीच प्यायले.

२२ मार्च

दिवे या प्रकरणावर यांनी दोन दिवस काढले. मी कंटाळले. एवढं काय आहे दिव्यांत. आज दिवेलागणीला रत्नागिरीहून पेट्या पोचवून परत आले. गाडी मांडवाखाली लावली, बंद केल्यावर दिव्यांचा दांडा एकदा ओढायचा हे यांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं, तसं केलं नि उतरले. पुढचे दिवे चालूच राहिले. मांडवापासून पडवीपर्यंतची सगळी वाट उजळलेली. मी पायरी चढून आत आले तेव्हा आपले आपण मालवले.

पाल्यापाचोळ्यात फुरशांसारखे साप असतात म्हणून मला त्या वाटेची फार धास्ती. पूर्वी मला यायला उशीर झाला की हे बॅटरी घेऊन पार मांडवापर्यंत यायचे. आता काळोखात यांना उतरता येत नाही. असो. दिव्याची सोय चांगली आहे.

२९ मार्च

शौनकनं गिऱ्हाईक बघितलं आहे. चिपळूणचं कुणी आहे, लगेच न्यायला तयार. मी म्हटलं, आत्ता ऐन हंगामात कशी देऊ, पाडवा झाल्यावर बघू. सीटला कव्हरं शिवायला टाकली आहेत, ती आल्याशिवाय देता येणार नाही.

३ एप्रिल

गाडीला तोंडी हुकूम देता येतात. स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं नि सांगायचं. यांनी ते पान वाचलं आणि मी नको म्हणत असताना बटण दाबायला लावलं. म्हणाले, कॉल शौनक.

गाडीतली बाई इंग्रजीत म्हणाली, कळलं नाही, पुन्हा सांगा. यांनी पुन्हा सांगितलं. तिनं रेडिओ लावला. तिसऱ्यांदा सांगितलं तर कुठल्याशा गावाचा रस्ता दाखवायला लागली. मला वाटलं आता हे उतरून आत जाणार आणि पुन्हा महिनाभर तोंड मिटणार.

हे हसायला लागले. म्हणाले, ही माझ्यापेक्षा आजारी आहे.

मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण खरं सांगायचं तर ती बाई मठ्ठच आहे. यांनी अगदी स्वच्छ "कॉल शौनक" म्हटलं होतं. मला पहिल्यांदाच कळलं.

८ एप्रिल

वैष्णवीनं आज तपासलं. सुधारणा आहे म्हणाली, पण सावकाश. ओळखीच्या माणसाला कळतं, नवख्याला अजून अवघड जाईल, आणि पूर्वीसारखं होईलच असं सांगता येत नाही. मला हे पटलं नाही. आताशा यांचं सगळं बोलणं स्पष्ट येतं. ती आठवड्यातून एकदा येते, तिला कसं समजणार. काल महिपतही दोनदा "काय म्हनलात" करत होता. त्याचे कान तपासायला हवेत.

वैष्णवीला बाहेर सोडायला गेले तेव्हा तिनं विचारलं, काकू, काका घराबाहेर कुणाशी बोलतात का. मी म्हटलं, गाडीतल्या बाईशी. ती हसली नाही.

१६ एप्रिल

आंजर्ल्याला वन्सं असतात, यांची थोरली बहीण. दर वर्षी त्यांना पहिल्या अढीचा आंबा हे स्वतः नेऊन देतात. यंदा कुरिअरनं पाठवू का म्हणून विचारलं. यांनी मानेनंच नाही म्हटलं. मग म्हणाले, "तू नेशील?"

मी म्हटलं, मी एकटी नाही जाणार एवढं लांब. तुम्ही आलात तर.

यांनी नखं बघितली, दाढीवरून हात फिरवला. म्हणाले, ताईला माझं बोलणं कळायचं नाही, ती रडत बसेल. मी म्हटलं, रडली तर रडली. तुम्ही गाडीत बसून राहा, मी पेटी देऊन येईन. मला वाटलं हा चांगला तोडगा आहे. हे माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मीच आजारी आहे.

पण येतो म्हणाले.

२० एप्रिल

आज फार लिहायचं आहे आणि हात भरून आलेत.

पहाटेच निघालो. संगमेश्वरला चहा, पुढे चिपळूण, खेड, दापोली. दापोलीच्या अलीकडे गाडीनं समोर कपाचं चित्र दाखवलं. बराच वेळ चालवतेयस, विसावा घे, असा त्याचा अर्थ, हे म्हणाले. मी म्हटलं, पोचलोच की. "थांब," म्हणाले. थांबले. कोकमाची बाटली काढून दिली.

आंजर्ल्याच्या जरा अलीकडे रस्ता डोंगरातून उतरतो. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला झाडी नि खाली दरी. एक वळण घेतलं आणि समोर एसटी. भरलेली, चढणीला लागलेली. तिला मागे जाणं शक्य नव्हतं. म्हणजे मलाच मागे जायचं होतं, चढावर, वळणातून, वर जिथे सरबताची टपरी होती तिथपर्यंत. मागच्या कॅमेऱ्यावर ऊन पडून पडदा नुसता पांढरा. डाव्या आरशात गडगा दिसत होता, पण दरी उजवीकडे होती.

एसटीचा कंडक्टर उतरून शिट्टी फुंकायला लागला. ती शिट्टी ये म्हणतेय की थांब म्हणतेय ते मला कळेना. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि हे उतरले. मी अहो अहो करत राहिले. काठी टेकत गाडीच्या मागे गेले, मला उजव्या आरशात दिसतील असे उभे राहिले, आणि डावा हात वर करून आधी कंडक्टरला गप्प केलं.

मग ओरडले. "येऊ दे. येऊ दे, उमा. डावीकडे थोडं. येऊ दे."

सगळी एसटी खिडक्यांतून बघत होती. यांचा आवाज फाटत होता, शब्द घसरत होते, "डावीकडे"चं "दावीके" होत होतं, हे मी आता लिहिताना आठवतेय. तेव्हा मला एकेक अक्षर ठळक ऐकू आलं. मी कॅमेरा बघितला नाही. आरशात फक्त हे आणि यांचा हात. वळण झालं, टपरी आली, "बास" ऐकू आलं, थांबले.

एसटीही तिथेच थांबली. नेहमीच थांबते म्हणे, चढण संपली की. ड्रायव्हर उतरून आमच्या गाडीपाशी आला. त्यानं यांना विचारलं, काका, मघाशी तो आरसा आपला आपण खाली झाला, ते कसं.

मला वाटलं, आता हे मान हलवून आत येऊन बसणार. मी उत्तर द्यायला काच खाली केली. पण यांनी काठी गाडीला टेकवून ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. आरशाचं झालं. मग फाळका सोडून दाखवला. घाटीचं बटण झालं. किल्ली दाबून काचा झाल्या, तर मी आत बसलेली आणि चारही बाजूंनी काचा खाली. सरबताचे पेले हातात घेऊन माणसं भोवती जमली. त्यांना सगळं कळत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एका बाईनं मला खिडकीतून विचारलं, काय म्हणाले ते. मी सांगितलं. यांनी ते ऐकलं. एरवी तेवढ्यावर मिटले असते. आज माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला दिव्याचंही सांग," आणि पुढे चालू. नाही कळलं तर ड्रायव्हर सरळ म्हणायचा, काका, परत सांगा. हे परत सांगायचे.

सीटचं सांगताना म्हणाले, ही ठेंगणी, हिला समोरचं दिसणार नाही, म्हणून पहिलं पान मी तेच वाचलं. एवढ्या लोकांसमोर ठेंगणी म्हणायची काय गरज होती. मी काच वर केली. नंतर पुन्हा खाली केली.

कंडक्टरनं शेवटी घंटी वाजवली तेव्हा कुठे माणसं हलली.

वन्संच्या दारात मी पेटी उतरवायला घेतली, तर हे माझ्या आधी पायरीवर. वन्सं रडल्याच. हे त्यांना म्हणाले, "ताई, रड नंतर. आधी फाळका बघायला चल." त्यांना ते कळलं की नाही देव जाणे, पण पदरानं डोळे पुसत आल्या.

परतीच्या वाटेवर ऊन माझ्या बाजूच्या काचेतून डोळ्यांत येत होतं. हे वाकून माझ्यासमोरची पट्टी बाजूच्या काचेवर वळवू लागले, ती आणखी बाहेर ओढता येते म्हणे. आणखी काय काय सांगत होते. संगमेश्वरपर्यंत आवाज निम्मा झाला होता. मी म्हटलं, आता पुरे, उद्या सांगा. ऐकतील तर शप्पथ.

२१ एप्रिल

शौनकचा फोन. चिपळूणवाला विचारतोय, गाडी कधी नेऊ. मी म्हटलं, त्याला सांग दुसरी बघ. का म्हणून विचारलं त्यानं. मला नीट सांगता येईना. पुस्तक अजून अर्धं वाचायचं राहिलंय, म्हटलं. शौनक बरं म्हणाला. करारवाल्यालाही मी नको कळवलं.

दुपारी वैष्णवी आली. यांनी वाचायला तोंड उघडलं तर नुसती हवा. आवाज पार बसलेला. ती घाबरली, टॉर्च काढून घसा बघायला लागली, यांना काय झालं म्हणून मला विचारलं.

मी म्हटलं, काही नाही. काल खूप बोलले.